स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले, पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचं आहे. पूर्वीसारखं काम जमेल का? ऑफिसात काय आणि किती सांगावं?

ताई, काम जमेल. मात्र पहिल्या दिवसापासून पूर्वीसारखं जमेल असं धरून चालू नका आणि ऑफिसलाही तसं धरू देऊ नका.

मी बँकेत कॅशियर. ऑपरेशन, केमो, रेडिएशन आटोपून रुजू झाले तेव्हा जो तो म्हणायचा, "सुटलीस एकदाची!" पण अंगात ताकद यायला त्यानंतरही बरेच महिने गेले. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाने बोटांची टोकं बधिर होतात. पुष्कळ जणींचा बधिरपणा हळूहळू ओसरतो, काहींचा रेंगाळतो. माझा रेंगाळला. नोटा मोजायला मशीन असतं, पण फाटक्या, दमट, चिकटलेल्या नोटा हातानेच सोडवाव्या लागतात. अंगठ्याखाली एक नोट आहे की दोन, हेच मला कळेना. कॅशमध्ये तूट आली तर ती खिशातून भरायची, त्यामुळे दिवसभर छातीत धडधड. त्यात काखेतल्या गाठी काढलेल्या, म्हणून उजव्या हाताने नाण्यांच्या पिशव्या उचलणं बंद. संध्याकाळपर्यंत हात जड व्हायचा, बांगडी रुतायची. (अशी सूज दिसली तर थांबू नका, लगेच फिजिओथेरपिस्टला दाखवा.)

म्हणून सांगते, आजाराची सगळी हकिगत ऑफिसात सांगायची गरज नाही. कामातली अडचण मात्र नेमकी सांगा आणि लेखी द्या. "जरा हलकं काम द्या" म्हटलं की साहेब "बघू" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. फिटनेस सर्टिफिकेट घेतानाच डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या: कोणत्या हाताने वजन उचलायचं नाही, किती वेळ सलग बसायचं नाही, सुरुवातीचे काही आठवडे अर्धा दिवस काम करायचं. तो कागद मी अर्जाला जोडला आणि मला कॅशवरून केवायसीच्या टेबलावर बसवलं. "हिची बरी सोय झाली," असं एक सहकारी ऐकू येईल असं बोलला. लागलं मनाला. तरी टेबल सोडलं नाही, तुम्हीही सोडू नका.

केमोनंतरचा थकवा नुसत्या झोपेने जात नाही. रोज थोडं चालल्याने तो कमी होतो, संशोधनातही हे वारंवार दिसलंय. नावं, आकडे आठवेनासे होतात, तेव्हा वही जवळ ठेवा. टॅमॉक्सिफेन (कर्करोग परत येऊ नये म्हणून दिली जाणारी हार्मोन-उपचाराची गोळी) चालू असेल तर ती सहसा किमान 5 वर्षं घ्यावी लागते आणि तिच्यामुळे ऐन मीटिंगमध्ये अंगातून वाफा निघून घाम फुटतो. पंख्याखालची जागा मागून घ्या.

मुंबईत लोकलने जात असाल तर दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो. हॉस्पिटलचे कागद जवळ असू द्या. केस परत आले की आपण आजारी दिसत नाही, मग डब्यातले लोक हटकतात. शांतपणे कागद दाखवायचे.

जेवणाच्या सुट्टीत हमखास विचारतात, "कसा झाला गं? घरात कुणाला होता का?" एक उत्तर आधीच ठरवून ठेवा. माझं होतं, "उपचार पूर्ण झालेत, आता बरी आहे. डबा काय आणलास?" मात्र एका तरी मैत्रिणीला सगळं माहीत असू द्या, म्हणजे एखाद्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडावंसं वाटलं तर बाहेर कुणीतरी सांभाळून घेतं.

पहिली 3 वर्षं साधारण 3 ते 6 महिन्यांनी तपासणी असते, शिवाय वर्षाला मॅमोग्राफी. तारखा मिळाल्या की रजा तेव्हाच टाका. रिपोर्ट येईपर्यंत डोकं ठिकाणावर नसतं, त्या आठवड्यात ऑडिटसारखं काम अंगावर घेऊ नका.