ठाण्यात राहणाऱ्या माझ्या भावाला औषधांना दाद न देणारा टीबी झाला आहे. उपचार किती महिने चालतील?

रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील मुख्य औषधाला दाद न देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगासाठी आता बहुतेक प्रौढांना साधारण सहा महिने, म्हणजे २६ आठवडे, उपचार घ्यावे लागतात. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या या उपचारपद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली आणि केंद्र सरकारने २०२४ मध्ये तिला मान्यता दिली. तिच्यात इंजेक्शन नाही, सर्व औषधे गोळ्यांच्या रूपात आहेत आणि ठाणे, नवी मुंबईसह सर्वत्र राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून ती मोफत मिळतात. मात्र बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिडलाही जंतू दाद देत नसतील, रुग्ण १४ वर्षांखालील किंवा गर्भवती असेल, अथवा आजार मेंदूत वा हाडांत पसरला असेल, तर वेगळी पद्धत निवडली जाते आणि ती ९ ते ११ किंवा १८ ते २० महिने चालू शकते; म्हणून जंतूंच्या औषधसंवेदनशीलतेचा अहवाल आल्यावर नेमका कालावधी डॉक्टरांनाच विचारावा. बरे वाटू लागले तरी गोळ्या थांबवू देऊ नका, आणि हातापायांना मुंग्या येणे किंवा नजर धूसर होणे हे लिनेझोलिडचे दुष्परिणाम असू शकतात, ते त्याच दिवशी कळवा.