साखळी, मेख आणि लोढणं: सापळ्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार काका. आम्ही पेनसिल्व्हेनियात आठ एकर जागा घेतलीये, बकऱ्या पाळतो. गेल्या दोन महिन्यांत कायोटीने (कोल्हा-लांडग्याच्या जातीचं इथलं जंगली जनावर) तीन करडं नेली. शेजारच्या आजोबांनी पायात अडकणारे दोन जुने सापळे दिलेत, त्यांची साखळी चारेक फूट आहे. तशीच ठेवू की कापू? आणि जमिनीत कशाने पक्की करू?

उत्तर: ताई, कापा. मेख ठोकून सापळा लावणार असाल तर सहा ते बारा इंच साखळी पुष्कळ झाली.

बऱ्याच जणांना उलटं वाटतं, की लांब साखळी म्हणजे जनावराला मोकळीक, बिचाऱ्याला त्रास कमी. तसं नाहीये ते. कायोटी अडकला की पहिली काही मिनिटं जीव खाऊन पळायला बघतो, आणि चार फूट साखळी म्हणजे त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ फूट धाव घ्यायला जागा, मग साखळी संपते तिथे सगळा झटका एका पायावर येतो, आणि वेग दुप्पट झाला की झटक्यातली ऊर्जा चौपट होते हे आपण शाळेत शिकलोय. सांधा निखळतो, कातडी फाटते, आणि तोच झटका दुसऱ्या टोकाला मेखेवर बसतो. एक फुटात त्याला धावच घेता येत नाही. ओढतो, गोल फिरतो, दमतो आणि बसतो.

आता गोल फिरण्याबद्दल. गावाकडे बैलाच्या साखळीला भवरकडी असते ना, पीळ पडू नये म्हणून, तीच इथे एक नाही तर निदान तीन हव्यात: एक सापळ्याच्या बुडाशी, एक साखळीच्या मधे, एक मेखेपाशी. एखादी मातीने किंवा बर्फाने जाम झाली तरी बाकीच्या फिरतात. भवरकडी फिरली नाही तर पीळ सरळ पायाला बसतो. जुन्या सापळ्यांत साखळी बहुतेक बाजूच्या स्प्रिंगच्या टोकाला लावलेली असते, ती काढून बुडाच्या मधोमध कडी बसवून घ्या म्हणजे ओढ सरळ रेषेत येते. शक्य असेल तर साखळीत एक शॉक स्प्रिंग, म्हणजे झटका झेलणारी स्प्रिंग, पण टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

मेखेचं उत्तर तुमच्या मातीत आहे. घट्ट चिकण माती असेल तर अर्ध्या इंची सळईची दोन फुटी मेख धरते. माती भुसभुशीत किंवा रेताड असेल तर एकावर भागत नाही, अडीच फुटाच्या दोन मेखा एकमेकींना छेदतील अशा तिरक्या ठोकायच्या आणि दोन्ही एकाच कडीतून न्यायच्या. त्याचं कारण असं की एकटी सरळ मेख जनावराच्या फिरण्याने भोक मोठं करत करत सैल होते आणि मग एका उसळीत वर येते, पण दोन तिरक्या मेखा एकाच दिशेने निघूच शकत नाहीत. हल्ली बरेच जण केबल अँकर वापरतात, म्हणजे लोखंडाचा छोटा टोकदार तुकडा आणि त्याला जोडलेली तार. तो रॉडने खोल ठोकायचा, रॉड काढून घ्यायचा आणि मग तार जोरात वर ओढायची, की तो तुकडा जमिनीत आडवा होऊन बसतो. नव्या माणसाला मी हेच सांगतो, कारण फेब्रुवारीत रात्री गोठून दिवसा वितळणारी जमीन सळईची मेख अशी सैल करते की हाताने निघावी.

हे सगळं इतकं पोटतिडकीने का लिहितोय ते पण सांगतो. इथे आल्यावर सुरुवातीला मी पण चार फुटी साखळी आणि दीड फुटाची एकच मेख लावली होती, पाऊस पडून गेलेला, सकाळी गेलो तर मेखेचं भोक होतं आणि ओल्या गवतात घसटत गेल्याची खूण. तीन दिवस शोधलं. सापडला नाही. ते जनावर पायात लोखंड घेऊन कुठे गेलं असेल, हे आजही मनातून जात नाही, आणि म्हणून सापळा लावण्याआधी मेख स्वतः दोन्ही हातांनी, पाठीचा जोर लावून ओढून बघा, जरा जरी हलली तर ती जागा सोडा.

आजूबाजूची जागाही बघा. साखळी जिथवर पोचते तेवढ्या वर्तुळात झुडूप, मूळ, कुंपणाची तार काही नको, कारण साखळी तिथे गुंडाळली की भवरकड्यांचा उपयोग संपला. कुंपणापाशी तर मुळीच नको, जनावर पलीकडे उडी मारतं आणि लटकतं.

आणि कायदा. पेनसिल्व्हेनियात दर 36 तासांच्या आत सापळा बघणं बंधनकारक आहे, सापळ्यावर मालकाचा टॅग लागतो. माझं म्हणणं, 36 ची वाट बघू नका, रोज उजाडताच जा, ते जमणार नसेल त्या दिवशी सापळा लावूच नका. लायसन्स, सीझन, शेतकऱ्याला असलेली सूट, हे आधी गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याला, फोन करून विचारा. पण त्याच्याही आधी, ताई, करडं रात्री बंद गोठ्यात घेताय ना? विजेचं कुंपण, राखणीचा कुत्रा, हे झालंय का? एक कायोटी धरला की काही दिवसांत दुसरा त्या जागेत येतो, गोठ्याचं दार मात्र रोज बंद होतं.

प्रश्न: आमच्याकडे न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात सगळा दगड, मेख चार इंचांवर जात नाही. झाडाला बांधलं तर?

उत्तर: दुसरं काहीच नसेल तर मोठ्या झाडाच्या बुंध्याला तारेने बांधतात, पण मग साखळी आखूडच हवी, नाहीतर जनावर झाडाभोवती फेऱ्या मारून स्वतःला गुंडाळून घेतं. दगडाळ जंगलात खरा उपाय म्हणजे ड्रॅग. आपल्याकडे ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात ना, तोच विचार, फक्त इथे ते दोन आकड्यांचा लोखंडी गळ असतो. इथे मात्र साखळी लांब लागते, सहा ते आठ फूट. मघाशी ताईंना आखूड सांगितलं आणि तुम्हाला लांब, यात विसंगती नाही. ड्रॅगला घट्ट टोकच नसतं, तो ओढला जातो, झुडपात अडकतो, फांद्या लवतात आणि झटका त्या खातात. जनावर पण आडोशाला जाऊन शांत बसतं. साखळी आखूड ठेवली तर गळ जनावराच्या पाठोपाठ उडत राहतो, जमिनीत धरतच नाही. मोकळ्या माळावर ड्रॅग कधीच नाही, तिथे अडकायला काहीच नसतं. चार फूट साखळी मात्र मेखेला जास्त आणि लोढण्याला कमी, ती कशालाच वापरू नका.

प्रश्न: न्यू जर्सीत बॅकयार्डमधल्या भाज्या ग्राउंडहॉग (बिळात राहणारा घुशीसारखा मोठा प्राणी) खातो, असा सापळा ऑनलाइन मागवू का?

उत्तर: नाही. न्यू जर्सीत पायाचा लोखंडी सापळा लावणं सोडा, जवळ बाळगणं पण गुन्हा आहे. कॅलिफोर्नियातही 1998 च्या मतदानानंतर बंदी आली. जाळीचं कुंपण घाला, खालून एक फूट जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवा, उकरत आला तरी जाळीच लागते.

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. रानडुकरांनी तूर लोळवली. लोहाराकडून असा सापळा करून घेतला तर साखळी किती ठेवावी?

उत्तर: दादा, तुमचं नुकसान खरं आहे आणि राग पण खरा आहे, पण या प्रश्नाला मी मापाचं उत्तर देणार नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात सापळा लावणं म्हणजे शिकारच, जनावर मेलं नाही तरी, नुसता प्रयत्न केला तरी. आणि तुमच्या भागात तो डुकरालाच लागेल याची खात्री कोण देणार? 2012 साली शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाजवळ शिकाऱ्यांच्या अशाच लोखंडी सापळ्यांत दोन वाघ अडकले होते, त्यातला एक मेला. तेव्हापासून वनरक्षक मेटल डिटेक्टर घेऊन पाणवठ्यांच्या वाटा तपासतात ते उगाच नाही. वाघ-बिबट्यासारखं जनावर असेल तर शिक्षा तीन ते सात वर्षं, आणि सापळ्यात तुमचाच बैल किंवा रात्री पाण्याला निघालेला माणूस पण सापडू शकतो.

पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते. पीक तसंच ठेवून फोटो काढा, त्याच दिवशी वन खात्यात लेखी अर्ज टाका आणि पोच घ्या, पंचनामा झाल्याशिवाय शेत साफ करू नका. सौर कुंपणाच्या अनुदानाचीही तिथेच चौकशी करा, आणि चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून अर्ज केला तर बरं, कारण एकट्याच्या शेताला कुंपण घातलं तर डुकरं शेजाऱ्याच्या तुरीत जातात. आणि शेतात किंवा ओढ्याकाठी कुणी लावलेला सापळा दिसला तर हात लावू नका, गुरं लांब ठेवा, जागेवर फांदी टाकून खूण करा आणि 1926 ला फोन लावा.