ईसीडब्ल्यूला देशभर दिसणारं चॅनल मिळालं, तरी ती बुडाली कशी?

तुम्ही विचारलंय, "ईसीडब्ल्यू एवढी गाजलेली कंपनी. १९९९ मध्ये तिला अमेरिकाभर दिसणारं चॅनलही मिळालं. मग दीड-दोन वर्षांत ती बंद कशी पडली? आणि छोट्या कुस्ती कंपन्या टीव्हीसाठी एवढा जीव का टाकतात?" दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच जागी आहेत, म्हणून एकत्रच लिहितो. ईसीडब्ल्यू म्हणजे एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग, निकाल आणि कथानक आधी ठरवून होणाऱ्या टीव्हीवरच्या कुस्तीची अमेरिकन कंपनी.

आमच्या पिढीने डब्ल्यूडब्ल्यूएफचे (आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईचे) पत्ते खेळत ही कुस्ती पाहिली. रँक, उंची, वजन, छाती सगळं पाठ. ईसीडब्ल्यू मला बरीच उशिरा भेटली, पुण्यात हॉस्टेलवर असताना, एका मित्राच्या सीडींमधून. तेव्हापासून माझ्यासाठी तिच्या तोडीची दुसरी कंपनी नाही. त्यामुळे हे उत्तर तटस्थ माणसाचं नाही, हे आधीच सांगतो.

कंपनी फिलाडेल्फियाची. टॉड गॉर्डनने १९९२ मध्ये सुरू केली, तेव्हा नावातला 'ई' ईस्टर्नचा होता. पुढच्याच वर्षी जोड्या आणि कथानकं ठरवायचं काम पॉल हेमनकडे आलं. २७ ऑगस्ट १९९४ ला तिच्या शेन डग्लस या मल्लाने एनडब्ल्यूए या कुस्ती संघटनेचा जुना, मानाचा बेल्ट, म्हणजे विजेतेपदाचा पट्टा, जिंकला आणि तिथल्या तिथे खाली टाकून दिला. त्यानंतर 'ईस्टर्न'चं 'एक्स्ट्रीम' झालं. घरचं मैदान म्हणजे दक्षिण फिलाडेल्फियातला बिंगो खेळायचा एक हॉल. खुर्च्या, मोडणारी टेबलं, काटेरी तार, रक्त यासाठी लोक तिला ओळखतात, पण एडी गरेरो, रे मिस्टेरिओ, ख्रिस जेरिको हे पुढे जगभर गाजलेले मल्लही तिथे लढून गेले आहेत. माणूस ओळखण्यात हेमनचा हात धरणारा कोणी नव्हता. माणूस टिकवायला मात्र पैसा लागतो.

तो पैसा येतो कुठून? तिकिटं, टी-शर्ट, व्हिडिओ कॅसेट आणि पे-पर-व्ह्यू, म्हणजे घरबसल्या पैसे भरून पाहायचा मोठा कार्यक्रम. यातली सगळ्यात मोठी रक्कम पे-पर-व्ह्यूची. पण आपल्या शहरात कधीच न दिसलेल्या मल्लाची कुस्ती पाहायला कोण पैसे भरणार? आठवड्याचा टीव्ही कार्यक्रम ही त्या मोठ्या रात्रीची जाहिरात असते. ईसीडब्ल्यूचा कार्यक्रम शहराशहरांतल्या छोट्या चॅनलांवर लागायचा. फिलाडेल्फियात एका प्रादेशिक क्रीडा वाहिनीवर, न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटल्यावर. तरीही १३ एप्रिल १९९७ ला त्यांनी पहिलं पे-पर-व्ह्यू करून दाखवलं. मात्र त्या धंद्यात केबलवाले आपला मोठा वाटा आधी काढून घेतात आणि उरलेले पैसे काही महिन्यांनी देतात. मल्लांचे पगार, हॉलचं भाडं आणि विमानाची तिकिटं तितके दिवस थांबत नाहीत.

त्यात समोर कोण होतं ते बघा. डब्ल्यूडब्ल्यूएफचा सोमवारचा कार्यक्रम 'रॉ' यूएसए नेटवर्कवर, आणि डब्ल्यूसीडब्ल्यू ही दुसरी मोठी कंपनी तर चॅनलांचा मालक टेड टर्नरच्याच घरातली, म्हणजे चॅनल आणि कंपनी एकाच छपराखाली. चांगला मल्ल तयार झाला की दोघांपैकी कोणीतरी मोठा आकडा दाखवून त्याला घेऊन जायचं. मी मल्लांना दोष देणार नाही. पाठीचे मणके, गुडघे झिजवून जो पोट भरतो, त्याने पगार वेळेवर कुठे मिळतो हे बघायलाच हवं. हेमनकडे त्यांना थांबवायला एकच शब्द उरला होता: "थांब, आपल्यालाही देशभर टीव्ही मिळणार आहे."

आणि तो मिळाला. टीएनएन म्हणजे द नॅशव्हिल नेटवर्क. कंट्री संगीत, मासेमारी, गाड्यांच्या शर्यती दाखवणारं चॅनल. २७ ऑगस्ट १९९९ ला, बेल्ट खाली टाकल्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, शुक्रवारी रात्री ८ वाजता ईसीडब्ल्यू टीएनएनवर आली. करार तीन वर्षांचा.

इथे थांबून एक फरक नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे. चॅनल तुम्हाला दोन गोष्टी देऊ शकतं: वेळ आणि पैसा. कार्यक्रम दाखवण्याच्या हक्कापोटी चांगली रक्कम मिळाली, तर तुम्ही उभे राहता. नुसती वेळ मिळाली, तर त्या वेळेला शोभेल असा कार्यक्रम करायचा खर्च तुमच्याच डोक्यावर येतो. ईसीडब्ल्यूच्या वाट्याला आली ती प्रामुख्याने वेळ. बिंगो हॉलमधलं अंधुक चित्र मध्यरात्री चालून जायचं, किंबहुना तीच तिची ओळख होती. रात्री ८ वाजता देशभर दिसायचं तर कॅमेरे, दिवे, संकलन, संगीताचे हक्क सगळ्याचा दर्जा वाढवावा लागतो. पुन्हा चॅनलला जाहिरातदारांची काळजी, त्यामुळे ज्या रक्तासाठी लोक यायचे तेच कमी करा म्हणून दबाव. आणि चॅनलने या कार्यक्रमाचा प्रचार जवळजवळ केलाच नाही. हेमनचा संताप एवढा वाढला की त्याने 'नेटवर्क' हाच खलनायक करून टाकला. डॉन कॅलिस हा 'सायरस' नावाने चॅनलचा माणूस म्हणून पडद्यावर यायचा आणि कार्यक्रमात अडथळे आणायचा. ते प्रसंग पाहताना आजही कळतं की हे नाटक करणारी माणसं मनातून दुखावलेली आहेत.

माणसं जायची थांबली नाहीत ती नाहीतच. टीव्ही सुरू होता होताच डडली बॉईज डब्ल्यूडब्ल्यूएफकडे गेले, जानेवारी २००० मध्ये टॅझ तिकडे दिसला. एप्रिलमध्ये तर माईक ऑसम ईसीडब्ल्यूचा चॅम्पियन असतानाच डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कार्यक्रमात उतरला. मग वाटाघाटी झाल्या आणि १३ एप्रिलला इंडियानापोलिसमध्ये टॅझने त्याला हरवलं. म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या नोकराला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या नोकराने हरवून ईसीडब्ल्यूचा बेल्ट घेतला. तिन्ही कंपन्यांची ताकद यापेक्षा स्पष्ट दाखवणारी दुसरी कुस्ती मला माहीत नाही.

तोवर वरच्या मजल्यावर वेगळंच ठरत होतं. टीएनएन सीबीएसच्या मालकीचं होतं, सीबीएस व्हायाकॉममध्ये विलीन झालं, आणि त्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफ हवं होतं. यूएसए नेटवर्क कोर्टात गेलं आणि हरलं. २५ सप्टेंबर २००० ला सोमवारचा 'रॉ' टीएनएनवर सुरू झाला आणि चॅनलचं नावही बदलून 'द नॅशनल नेटवर्क' झालं. ६ ऑक्टोबरला ईसीडब्ल्यूचा शेवटचा भाग लागला. तीन वर्षांचा करार जेमतेम १३ महिने चालला. माझं स्पष्ट मत आहे की टीएनएनला ईसीडब्ल्यू कधी नकोच होती. आपल्या चॅनलवर कुस्ती चालते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. ती चालते हे ईसीडब्ल्यूने स्वतःच्या खर्चाने सिद्ध करून दिलं.

पुढे हेमनला दुसरं चॅनल मिळालं नाही. ७ जानेवारी २००१ ला न्यूयॉर्कमध्ये शेवटचं पे-पर-व्ह्यू, १३ जानेवारीला आर्कान्सातल्या पाइन ब्लफमध्ये शेवटचा कार्यक्रम, आणि एप्रिलमध्ये दिवाळखोरीचा अर्ज. देणी सुमारे ८८ लाख ८० हजार डॉलर, मालमत्ता १४ लाखांच्याही आत. देणेकऱ्यांच्या यादीत रॉब व्हॅन डॅम, टॉमी ड्रीमर असे स्वतःचेच मल्ल होते. शेवटपर्यंत थांबलेली हीच ती माणसं. मला सगळ्यात जास्त वाईट त्यांचं वाटतं.

मग टीव्हीचा नाद सोडावा का? नाही. त्याच वर्षी, २००१ च्या मार्चमध्ये, टर्नरच्या चॅनलांनी डब्ल्यूसीडब्ल्यूचे कार्यक्रम बंद करायचं ठरवलं, तसा डब्ल्यूसीडब्ल्यूचा माजी प्रमुख एरिक बिशॉफच्या बाजूचा ठरत आलेला खरेदीदार मागे हटला आणि ती कंपनी डब्ल्यूडब्ल्यूएफला कवडीमोलाने मिळाली. टीव्हीची वेळ गेली की उरलेल्या नावांना आणि जुन्या टेपांना बाजारात एवढीच किंमत.

टीएनए या नंतर आलेल्या कुस्ती कंपनीने (टीएनएन चॅनलशी गल्लत नको) यातून वेगळी वाट काढली, असं मी म्हणेन. २००२ मध्ये त्यांनी टीव्ही न मिळाल्यामुळे दर आठवड्याला ९.९५ डॉलरचं पे-पर-व्ह्यू सुरू केलं, २००४ मध्ये फॉक्सच्या क्रीडा वाहिन्यांवर स्वतः पैसे मोजून वेळ घेतली, तीही वर्षभरात गेली. पण तोवर पॅंडा एनर्जी ही डॅलसची कंपनी मालक म्हणून मागे उभी होती, त्यामुळे कोरडे महिने त्यांना काढता आले. १ ऑक्टोबर २००५ ला त्यांना स्पाइक टीव्ही मिळालं. हे स्पाइक म्हणजे नाव बदललेलं टीएनएनच. 'रॉ' परत यूएसएला गेल्यावर तिथे जागा झाली होती. तिथे ते २०१४ पर्यंत टिकले. आपल्या बालेवाडीत चित्रीकरण झालेलं, २०१२ मध्ये कलर्सवर लागलेलं 'रिंग का किंग' हेही त्यांचंच. त्याचा दुसरा हंगाम काही आला नाही.

ईसीडब्ल्यू पाहिली नसेल, तर टीएनएनच्या काळापासून सुरुवात करू नका. १३ एप्रिल १९९७ ची ती पहिली पे-पर-व्ह्यूची रात्र बघा. शेवटी ५२ वर्षांचा टेरी फंक रक्ताने माखलेला, हातात बेल्ट घेऊन लोकांमध्ये उभा आहे. प्रक्षेपण संपलं आणि लगेचच हॉलची वीज गेली. आणखी थोडा वेळ आधी गेली असती, तर पैसे भरून बसलेल्या लोकांना तो क्षण दिसलाच नसता.