वाचनालयातली बाद पुस्तकं घ्यायला एसटीने दिवसभर जाऊन येणं परवडतं का?

तुम्ही विचारलंय की जिल्ह्याच्या गावी एक वाचनालय जुनी पुस्तकं विकायला काढतंय, जायला अडीच तास, यायला अडीच तास, नऊ वर्षांचा मुलगा बरोबर असेल, तर एवढा खटाटोप करावा का.

नुसता पैशाचा हिशेब असेल तर करू नका. तिथे जी कादंबरी वीस रुपयांना मिळेल, ती पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास थोड्या जास्त पैशात आणि बऱ्या अवस्थेत मिळते. मी गेल्या मार्चमध्ये असाच एक दिवस घालवला आणि पुन्हा जाणार आहे, पण त्याचं कारण स्वस्ताई नाही.

आमचं गाव वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या मागच्या अंगाला. रात्री मुक्कामाला आलेली गाडी सकाळी पावणेसातला वाईला परत निघते. ती चुकली की अर्धा दिवस गेला. वाईहून साताऱ्याला मात्र गाड्या पुष्कळ. पाचवड, उडतारे, आनेवाडीचा टोलनाका, लिंब फाटा करत तासाभरात स्टँडवर. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे भाड्याचं ओझं वाटत नाही. ओझं परतीच्या वाटेवर असतं, ते पुढे सांगते.

साडेनऊला वाचनालयापाशी पोचले तर दारात आधीच सात-आठजण. विक्री मागच्या खोलीत होती, सतरंजीवर ढीग मांडून. साधं पुस्तक दहा रुपये, जाड पंचवीस, बांधीव खंड पन्नास. मी रेंगाळत रेंगाळत निवडत बसले आणि साडेबाराला शिपाईकाका म्हणाले, "मॅडम, आता चारला या." सकाळी उघडून दुपारी बंद, पुन्हा संध्याकाळी उघडायचं, ही आपल्याकडच्या बऱ्याच वाचनालयांची जुनी रीत मला ठाऊक होती. तरी विक्रीच्या दिवशी बंद करणार नाहीत असं मी गृहीत धरलं होतं. बाजूला काढलेली पुस्तकं तिथेच ठेवून साडेतीन तास काढायचे होते. मोती चौकापर्यंत चालत गेले, कंदी पेढे घेतले, एका देवळाच्या ओट्यावर डबा खाल्ला. तुम्ही आधी फोन करून वेळ विचारा. माझी वाईहून गावाकडची शेवटची गाडी त्या साडेतीन तासांपायी चुकता चुकता राहिली.

आता मुख्य गोष्ट. काय घ्यायचं हे कळण्यासाठी वाचनालय पुस्तक का काढून टाकतं ते कळायला हवं. अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला एकेका पुस्तकाचा हिशेब ठेवावा लागतो. वाचनालयाचा अ, ब, क, ड हा वर्ग ठरताना पुस्तकांची संख्याही बघतात, त्यामुळे पुस्तक बाद करायला सगळेच काचकूच करतात. कपाटं अगदीच ओसंडायला लागली की मग यादी होते, मंडळात ठराव होतो आणि दाखल नोंदवहीत, म्हणजे प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन चढवतात त्या वहीत, त्याच्या क्रमांकापुढे 'बाद' असा शेरा पडतो. म्हणजे सतरंजीवर येतं ते साधारण तीन तऱ्हेचं: वाचून वाचून चिंध्या झालेलं, कुणीच कधी न वाचलेलं, आणि जागा खाणारे मासिकांचे गठ्ठे.

सगळी गर्दी पहिल्यावर तुटून पडते. तुम्ही दुसऱ्याकडे जा.

ओळखायचं कसं? शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती शिक्क्यांनी भरली असेल तर ते पुस्तक लोकप्रिय आहे, पुन्हा छापलं गेलं असण्याची शक्यता मोठी, कुठेही मिळेल. चिठ्ठीवर एक-दोनच शिक्के असतील तर थांबून उघडून बघा. मला गुऱ्हाळावरचं एक बारकं पुस्तक असंच मिळालं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकच शिक्का. चुलवाण म्हणजे रस उकळायची मोठी चूल कशी बांधावी, काहिलीचा, म्हणजे त्यावरच्या मोठ्या कढईचा, तळ किती जाड हवा, रसातली मळी वर आणायला रानभेंडीचा चिकट रस कधी घालावा, असं सगळं आकृत्यांसकट. आमच्या सासऱ्यांचं तरुणपणी गुऱ्हाळ होतं. त्यांनी ते चष्मा लावून दोन दिवसांत संपवलं आणि समासात तीन ठिकाणी 'चूक' असं लिहून ठेवलं. दहा रुपयांत एवढं!

मासिकांच्या गठ्ठ्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'सत्यकथा' यांचे बांधीव खंड दिसले की हात शिवशिवतात, पण जड असतात आणि बऱ्याचदा कागद गेलेला असतो. जुना स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं आम्लच त्याला वर्षानुवर्षं खात राहतं. आतल्या एखाद्या पानाचा कोपरा हलका दुमडून बघा. तुकडा हातात आला तर ते पुस्तक वाचताना हातातच संपणार. मी 'स्त्री'चा एक खंड घेतला, निव्वळ जाहिरातींसाठी. पश्चात्ताप नाही, पण खांदा दोन दिवस दुखत होता.

दुसरी तपासणी फर्म्यांची, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांच्या जुड्यांची. जुनी पुस्तकं बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापून शिवलेली असतात, त्यामुळे गेलं तर एक पान जात नाही, अख्खे सोळा जातात. १६, ३२, ४८ अशी भराभर पानं उलटून त्यांच्या पुढचा आकडा सलग येतो का ते बघायचं. मी हे सगळं केलं आणि तरीही फसले. पाककृतींच्या एका पुस्तकात कुणीतरी ब्लेडने कैरीच्या लोणच्याची दोनच पानं सफाईने कापून नेली होती. पुढच्याच लिंबाच्या लोणच्यापाशी पेन्सिलीत लिहिलंय, 'मीठ फार होतं, पाव कमी घालणे'. घालून बघितलं, बरोबर आहे.

ढिगाऱ्यापलीकडे एक आजोबा नुसती जुनी पंचांगं गोळा करत होते. मी म्हटलं, "काका, गेलेल्या सालांची पंचांगं कशाला?" तर म्हणाले, "बाई, पत्रिका हरवलेली माणसं येतात की माझ्याकडं. जन्मतारीख तेवढी माहीत असते, तिथी-नक्षत्र कुठनं काढायचं?" त्यांनी अकरा घेतली. असा माणूस दुकानात भेटत नाही.

चारनंतर पैसे दिले, पिशवी भरली. कापडी पिशवीचे बंद तुटतात, म्हणून खताच्या गोणीची शिवलेली नेली होती. पंधरा किलो तरी असेल. वाईच्या गाडीत कंडक्टर म्हणाले, "ताई, लगेज काय आहे?" पुस्तकं म्हटल्यावर "शाळेची का?" असं विचारून त्यांनी पिशवी पायाने सीटखाली सरकवली आणि विषय संपला. वाईला उतरले तेव्हा आमची मुक्कामी गाडी फलाटावरून मागे येत होती. धावले.

घरी आणल्यावर लगेच कपाटात ठेवू नका. कसर असेल तर तुमची चांगली पुस्तकंही खाईल. आठवडाभर वेगळी ठेवा, सावलीत वारा द्या, पान न् पान झटका. आमच्याकडे वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून मागे ठेवतात.

आणि बाहेर पडण्याआधी प्रत्येक पुस्तकावर 'बाद' असा शिक्का आणि सही मागून घ्या, पावतीही. वाचनालयाचा शिक्का पहिल्या पानावर असतोच, शिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावरही असतो. मी घाईत तीन पुस्तकं तशीच आणली. पुढे त्यातलं एक आमच्या गावच्या वाचनालयाला द्यायला गेले तर तिथल्या बाईंनी तो आतला शिक्का शोधून काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी पावती शोधायला घरी परत गेले.

मुलाचं म्हणाल तर न्या. बारा वर्षांपर्यंत एसटीत हाफ तिकीट आहे. फक्त त्याला त्याची वेगळी पिशवी आणि पन्नास रुपये द्या, आणि तो काय उचलतोय तिकडे बघू नका.