सप्टेंबरमध्ये भंडारदऱ्याला सायकलवरून तीन-चार दिवस फिरायचं आहे, पण पावसाचा भरवसा नाही. बेत कसा आखावा?

राहायची जागा पक्की करा, रोजचा रस्ता मात्र सकाळी आभाळ बघून ठरवा. रोज नवा मुक्काम आणि रोज ठरलेले किलोमीटर असला बेत या भागात पहिल्याच सरीत वाहून जातो.

याचं कारण भूगोलात आहे. कोकणातून वर चढलेले ढग घाटघर-रतनवाडीच्या कड्यावर रिकामे होतात. तिथे हंगामात ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर त्याच तालुक्यातलं अकोले गाव हजारही गाठत नाही. घाटघरला धुक्यात पुढची सायकल दिसेनाशी होते, तेव्हा राजूरला लोक निवांत धुणं वाळत घालत असतात. म्हणून मुक्काम मधोमध, धरणाशेजारच्या शेंडीत ठेवा. सकाळी तलावापलीकडचे डोंगर मोकळे दिसले तर तलावाची फेरी. ढगात बुडालेले असतील तर उलट्या दिशेला रंधा धबधबा बघून राजूर, तिथले पेढे आणि परत. मात्र येताना वारा तोंडावर असतो आणि चढही आहे, तेव्हा पेढ्यांत फार रमू नका.

तलावाची फेरी साधारण ४०-४५ किलोमीटरची: शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि पुन्हा शेंडी. मी मुरशेतकडून निघायला सांगेन. पाय ताजे असताना समोरचा वारा अंगावर घेतलेला बरा. साम्रद सोडलं की तो पाठीशी येतो. घाटघरच्या कोकणकड्यावर सायकल आडवी पाडून ठेवा, स्टँडवर ती टिकत नाही. तिथे ढग फाटले तर खाली कोकण दिसतं, नाहीतर पांढरी भिंत. दहा मिनिटं थांबून बघा, तेवढ्यातही चित्र पालटतं.

रतनवाडीला मात्र घाई करू नका. अमृतेश्वराच्या मंदिराचं कोरीवकाम ओलं असताना जास्त खुलतं, आणि जवळची पुष्करणीही चुकवू नका. जेवण आधी सांगून ठेवलं तर गावात गरम पिठलं-भाकरी मिळते. रोख पैसे जवळ हवेत, कारण मोबाइलची रेंज कधी येईल याचा नेम नाही.

सायकलबद्दल एवढंच, की रिमला घासणारे ब्रेक असतील तर ओल्या उतारावर दाबल्यावर पहिला क्षणभर काहीच होत नाही. आधी रिमवरचं पाणी पुसलं जातं, मग पकड येते. म्हणून वळण दिसायच्या आधीपासून हलके दाबत राहा. डिस्क ब्रेक असतील तर उत्तम, पण त्यासाठी नवी सायकल घ्यायची गरज नाही. मडगार्ड आणि मागचा लाल दिवा मात्र हवाच. दुपारीसुद्धा धुकं उतरतं. पोंचो घेऊ नका, वाऱ्यात त्याचं शीड होतं. अंगासरशी बसणारं जाकीट बरं. संध्याकाळी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि चेन पुसून तेल द्या, नाहीतर सकाळी ती तांबूस झालेली असते.

फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल आणि खालची फरशी दिसत नसेल, तर सायकल खांद्यावर घेऊनही उतरू नका. थांबा. पाऊस ओसरला की असे ओढे बहुधा उतरतात. नाहीच उतरला तर आल्या वाटेने परत.

तारखा निवडता येत असतील तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा घ्या. उतारांवर सोनकी फुललेली असते. मात्र तेव्हा परतीचा पाऊस असतो, म्हणजे सकाळ लख्ख आणि दुपारनंतर गडगडाट. त्या दिवसांत पहाटे निघून दोनच्या आत शेंडीत परत या. कडाडायला लागल्यावर उघड्या पठारावर असणं बरं नाही. आणि काहीही करून मंगळवार ते गुरुवार जमवा. शनिवार-रविवारी त्याच अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.