झगमगीत फलक सोडून नजर नेमकी बसच्या पाटीवरच कशी जाते?

तुमचा प्रश्न असा आहे, की स्वारगेटसारख्या गजबजलेल्या स्टँडवर चारी बाजूंनी रंगीत फ्लेक्स लागलेले असताना आपली नजर बसच्या काचेवरच्या साध्या पाटीकडे कशी जाते. थोडक्यात सांगायचं तर डोळे भडक गोष्टीपेक्षा अर्थाच्या मागे जास्त धावतात.

स्पष्ट दिसतं ते नजरेच्या मधल्या इवल्याशा भागातच. म्हणून डोळे सेकंदाला तीनेक उड्या मारत राहतात, आणि पुढची उडी कुठे घ्यायची हे सतत ठरवावं लागतं. १९९८ मध्ये इट्टी, कॉख आणि नीबर यांनी मांडलेल्या संगणकीय मॉडेलनुसार रंग, उजेड आणि रेषांची दिशा यांत जी जागा आजूबाजूपेक्षा वेगळी, तिथे नजर आधी जाते. यातली 'आजूबाजूपेक्षा' ही अट महत्त्वाची. मी दुकानांच्या पाट्या डिझाइन करतो. 'नाव लाल करा, अजून मोठं करा' हे रोजचं ऐकणं. अख्खी गल्ली लाल असेल तर तुमची लाल पाटी कोणाच्या नजरेत भरणार?

२०१७ मध्ये हेंडरसन आणि हेज यांनी वेगळी पद्धत वापरली. दृश्यांच्या फोटोंचे छोटे गोल तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यात किती अर्थ आहे, याला लोकांकडून गुण घेतले. त्यातून बनलेले नकाशे दुसऱ्या लोकांच्या नजरेशी ताडून पाहिले. गंमत अशी, की उठून दिसणाऱ्या जागा बहुधा अर्थपूर्णही असतात, त्यामुळे आधीचं मॉडेलही बऱ्यापैकी बरोबर वाटायचं. दोन्हींचा वाटा वेगळा काढल्यावर मात्र पारडं अर्थाकडे झुकलं. या नकाशांनी अर्थच मोजला जातो का, यावर पुढे वाद झाला. तरी नुसत्या भडकपणाने काम भागत नाही, हे मला पटतं.

त्याहून जुना आणि माझा आवडता प्रयोग यार्बस या रशियन शास्त्रज्ञाचा. रेपिन या रशियन चित्रकाराने काढलेलं एक चित्र आहे: हद्दपारीतून परतलेला माणूस अचानक घरात शिरतोय. 'यांची वयं काय असतील?' असं विचारलं की बघणाऱ्याची नजर चेहऱ्यांवर फिरायची. 'घरची परिस्थिती कशी आहे?' म्हटलं की सामानसुमान आणि कपड्यांकडे वळायची. चित्र तेच, रंग तेच.

स्टँडवर तुमच्या डोक्यात 'कोल्हापूर' असतं. शिवाय पाटी बसच्या कपाळावर किंवा काचेपाशी असणार हे सवयीने ठाऊक असतं, म्हणून नजर छपरावरच्या जाहिरातीकडे जायची तसदीच घेत नाही. गाडीला दीड तास असेल तेव्हा मात्र त्याच जाहिराती तुम्ही फोन नंबरासकट वाचून काढता.

हे शोधणं किती एककल्ली असतं बघा. २०१३ च्या एका अभ्यासात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं होतं. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठीच्या कित्येक पट मोठं गोरिलाचं चित्र घातलेलं. २० जणांना ते दिसलंच नाही, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची नजर त्या जागेवर पडून गेली होती.

अपवाद अचानक होणाऱ्या हालचालीचा. डोळ्यांच्या कडेला काही एकदम हललं किंवा लुकलुकलं की नजर बहुधा तिकडे खेचली जाते, काम दुसरंच चालू असलं तरी. म्हणूनच चौकातल्या लुकलुकत्या एलईडी पाट्यांना माझा विरोध आहे, त्यातून माझाच धंदा होत असला तरी.