कॉमिक कॉनमध्ये आवडत्या अभिनेत्याला भेटताना चांगली छाप कशी पाडावी?

आपण विचारले आहे की, मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्स, चित्रपट आणि मालिका यांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, आवडत्या परदेशी अभिनेत्याची स्वाक्षरी घेण्याची संधी मिळणार आहे, भेट जेमतेम मिनिटभराची असेल आणि इंग्रजी बोलण्याचे दडपण आहे, तर कोल्हापूरहून इतक्या लांब जाऊन त्या मिनिटात चांगली छाप कशी पाडावी. मी कोल्हापुरात दौऱ्यावर येणाऱ्या नाटकांच्या स्थानिक व्यवस्थेत अनेक वर्षे मदत करतो आणि प्रयोग संपल्यावर रंगपटाच्या दाराशी प्रेक्षक व नट यांची होणारी भेट मी फार जवळून पाहिली आहे. त्या अनुभवावरून माझे मत ठाम झाले आहे की, त्यांच्या कामातील एकच नेमकी गोष्ट सांगावी, ती आपल्या मनात का राहिली हे एका वाक्यात सांगावे आणि मग त्यांना बोलू द्यावे.

‘मी तुमचा खूप मोठा चाहता आहे’ हे वाक्य मनापासूनचे असले तरी समोरच्याला त्यावर ‘धन्यवाद’ यापलीकडे काही म्हणता येत नाही, कारण त्या दिवशी तेच वाक्य त्यांनी रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकलेले असते. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेल्या आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालेल्या आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, त्या आगीच्या बऱ्याच आधी, एक ज्येष्ठ नट प्रयोगानंतर आरशासमोर बसून खोबरेल तेलात भिजवलेल्या कापसाने चेहऱ्यावरचा रंग पुसत होते आणि भेटायला आलेल्यांना थकल्या आवाजात, आरशातूनच, नमस्कार करत होते. एक मध्यमवयीन बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “दुसऱ्या अंकात पत्र वाचता वाचता तुम्ही चष्मा काढून ठेवलात आणि उरलेलं पत्र तसंच म्हटलंत. तेव्हा कळलं, की या माणसाला ते पत्र पाठ आहे.” त्यांचा कापसाचा हात गालावरच थांबला, त्यांनी खुर्ची वळवली आणि विचारले, “कुठल्या रांगेत होता तुम्ही? तिथून दिसलं ते?” पुढची दोन-तीन मिनिटे ते त्या एका हालचालीविषयी बोलत राहिले. बाईंनी स्वतःविषयी एक शब्दही सांगितला नव्हता, तरी त्या भेटीत त्यांची जी ओळख पटली ती आपला परिचय देणाऱ्या कितीतरी जणांची पटली नाही.

म्हणून जाण्यापूर्वी एका संध्याकाळी त्या अभिनेत्याचे काम पुन्हा पाहा आणि असा एखादा क्षण शोधा. सर्वांना माहीत असलेल्या गाजलेल्या प्रसंगापेक्षा एखादी लहान भूमिका, एखादी शांतता किंवा एखादे पाहणे निवडले तर अधिक चांगले. इंग्रजीची काळजी करू नका. दोन वाक्ये लिहून काढा, मोठ्याने म्हणून पाहा आणि तिथे ती सावकाश म्हणा. नटाचे कान उच्चारांना सरावलेले असतात. घाईने बोललेले अस्खलित इंग्रजी मात्र गर्दीच्या गोंगाटात कोणालाच कळत नाही.

मेळाव्याची रीतही आधी समजून घेतलेली बरी. स्वाक्षरी आणि छायाचित्र यांचे नियम व तिकिटे वेगवेगळी असू शकतात, म्हणून आयोजकांच्या सूचना नीट वाचा. लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात अशा एका मेळाव्याला मी गेलो होतो, तेव्हा छायाचित्राच्या जागी ठरलेला पडदा, ठरलेला छायाचित्रकार आणि काही क्षणांत पुढच्या माणसाची पाळी, असा प्रकार होता. तिथे नमस्कार आणि आभार याखेरीज काही बोलणे शक्यच नव्हते. बोलायला जागा मिळते ती स्वाक्षरीच्या टेबलाशी. तिथे पोहोचण्याआधी रांगेतील स्वयंसेवक आपले नाव एका लहान चिकटचिठ्ठीवर लिहून घेत होता, म्हणजे अभिनेत्याला अक्षरे विचारत बसावे लागू नये. आपली मराठी नावे परक्याला लिहायला अवघड जातात, तेव्हा असा कागद स्वतःच तयार ठेवा. पोस्टर गडद रंगाचे असेल तर चंदेरी मार्कर जवळ असू द्या. हात पुढे करण्याऐवजी नमस्कार करा. दिवसभर शेकडो हात हातात घेणे कोणालाही नकोसे होऊ शकते, आणि त्यांनी आपणहून हात पुढे केला तर तो जरूर घ्यावा. खांद्यावर हात ठेवायचा असेल तर आधी विचारलेच पाहिजे.

त्यांना पात्राच्या नावाने हाक मारू नका. पुढच्या भागात काय होणार हे विचारू नका, कारण बहुतेकांनी गोपनीयतेचे करार केलेले असतात आणि त्या प्रश्नाने त्यांना केवळ टाळाटाळ करावी लागते. घरच्या गोष्टी, जुने वाद आणि स्वतःसाठी कामाची मागणी हे विषयही नकोत. मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते संहिता घेऊन आलेल्या तरुणांचे, कारण त्यांची तळमळ खरी असते. पण न मागितलेली संहिता हातात घेणे कायदेशीर कारणांमुळे अनेक कलावंत कटाक्षाने टाळतात.

भेटवस्तूबाबत आपण कोल्हापूरकर फार उत्साही असतो, आणि गूळ किंवा चपला न्याव्यात असे आपल्याही मनात आले असेल. अनोळखी माणसाने दिलेला खाऊ बहुधा खाल्ला जात नाही, चपलेचे माप माहीत नसते आणि विमानाच्या सामानात जागाही नसते. त्यापेक्षा एक पानाचे, आपल्या हाताने लिहिलेले पत्र द्या. जे टेबलाशी बोलता येणार नाही ते सर्व त्यात लिहा, उत्तराची अपेक्षा त्यात ठेवू नका आणि ते शक्यतो त्यांच्या सहायकाकडे द्या. माझ्या माहितीतले काही नट अशी पत्रे वर्षानुवर्षे जपून ठेवतात.

महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालात तर सकाळी मुंबईत पोहोचाल, पण थेट रांगेत उभे न राहता आधी अंघोळ आणि नाश्ता करून घ्या, कारण रांग लांब असते आणि उपाशी माणसाला ऐन वेळी पाठ केलेली दोन वाक्येही आठवत नाहीत. आपली पाळी येईल तेव्हा अभिनेता दमलेला, कमी बोलणारा असेल, तर त्याचा संबंध आपल्याशी जोडू नका. आपले वाक्य म्हणा, स्वाक्षरी घ्या, आभार माना आणि बाजूला होऊन शाई पूर्ण वाळल्यावरच पोस्टर गुंडाळा.